दव वाळेपर्यंत

विल्सनच्या पुढे, जिथे रस्त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर,
तिथल्या एका लाँड्रोमॅटमध्ये रविवारी संध्याकाळी
मी दुकान मांडते:
घडीचं टेबल, बर्फाची पेटी, नळ्यांमध्ये कापसाचे बोळे,
आणि यादिरा, जिच्यावाचून माझ्याशी इथे कुणी बोललं नसतं.

दोन मिनिटं गालात धरा, ती स्पॅनिशमध्ये सांगते.
मागच्या बाकावरचं कुणीतरी तेच मिश्तेकोत सांगतं.
मग गाल फुगवलेली आठदहा माणसं
ड्रायरच्या काचेतून
आपापले कपडे फिरताना बघत बसतात.

नळीवर नाव घालायचं नाही, हा आमचा नियम.
एकेचाळीस नंबर म्हणजे
हिरवी टोपी, टवका उडालेला पुढचा दात, वय सव्वीस.
(खरं तर एवढंही लिहायला नको होतं.)

प्रश्न सोळा: चक्कर येते का?
नाही, म्हणाला.
उलटी? नाही.
मग बराच वेळ यादिराकडे बघत राहिला.
"पहाटे पानं ओली असली, की रात्री
घर माझ्याभोवती फिरतं.
मी जागच्या जागीच असतो."
याला चौकट नव्हती. मी समासात लिहून घेतलं.

कारण मला पाठ आहे.
तंबाखूच्या पानावरचं दव निकोटिन घेऊन
बाहीत उतरतं, बाहीतून कातडीत.
जन्मात कधी न ओढलेल्या माणसाची लाळ
पाकीट संपवणाऱ्यासारखी बोलू लागते.

मी पत्रक काढलं, चित्रांचं.
ओला शर्ट बदला. रेनकोट घाला. हात धुवा.
एका बाईनं ते फाटक्या नोटेसारखं
उजेडात धरून पाहिलं.
"माझं नाव लिहा," ती म्हणाली. "एर्मेलिंदा.
लिहा, की रेनकोटात दहा वाजेपर्यंत माणूस शिजतो.
आणि शर्ट? ते बघा, तिकडे फिरताहेत. मोजा."
मी मोजले.
दोन.

मग काय करायचं, मी विचारलं,
एवढी वर्षं शिकून.
"थांबायचं. दव वाळेपर्यंत. तास, दीड तास.
त्या तासाचे पैसे कोण देणार,
ते तुमच्या कागदात कुठे विचारलंय?"

बासष्ट प्रश्न होते. त्यात हा नव्हता.

त्या रात्री मोटेलात आत्या आठवली,
निपाणीच्या वखारीतली,
पदरालासुद्धा तंबाखूचा वास.
दुपारी डोकं धरून भिंतीला टेकायची
आणि म्हणायची, ऊन लागलं.
वखारीत कुठलं ऊन?
तिच्या गालात कुणी कापूस धरायला दिला नाही.
तिचा आकडा तिच्याबरोबर गेला.

हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये
आठ शेतमालकांपुढे आलेख लावला.
सात जण विचार करतो म्हणाले, कॉफी चांगली होती म्हणाले.
आठवा, हार्लन टॅडलॉक, वय एकाहत्तर,
खुर्च्या आवरताना माझ्यापाशी आला.
"पोरवयात मीही ओली पानं खुडलीत.
कोठाराच्या मागे जाऊन ओकायचो.
आम्हाला वाटायचं, तोही कामाचाच भाग."
पुढचं बोलला नाही. टोपी घालून गेला.

एकेचाळीसचा फोन ऑगस्टपासूनच बंद.
रताळ्यांवर गेला असेल, तिथून डोंगरात
नाताळच्या झाडांवर, किंवा घरी.
तक्त्यात लिहावं लागतं: संपर्क तुटला.
जणू त्यानंच तोडला.
समासातलं वाक्य मात्र मी खोडलेलं नाही.

आज जुलै. सकाळचे साडेसात.
टॅडलॉकच्या एका शेताच्या बांधावर, एकाच,
उपड्या बादल्यांवर अकरा माणसं बसलीत,
काही करत नाहीत,
आणि हजेरीचं घड्याळ सुरू आहे.
कुणी नख कुरतडतंय, कुणी डुलकी काढतंय.
माझ्या हातात नव्या प्रश्नावल्या, प्रश्न त्रेसष्ट.

एर्मेलिंदा उठते.
पालथा हात पानाला लावते,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात,
आणि आमच्याकडे वळून मान हलवते.

अजून नाही.